सीएसएस प्रतिमा-होव्हर मेनू

सीएसएस प्रतिमा-होव्हर मेनू म्हणजे संकेतस्थळाच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्यासाठी केलेली चित्ररूप दुव्यांची पट्टी होय. या पट्टीतील एखाद्या दुव्यावर माउसचा बाण नेला असता त्या दुव्याचे चित्र बदलते. हा बदल जावास्क्रिप्टसारख्या संगणकीय भाषेच्या साहाय्यावाचून, केवळ स्टाइलशीटमधील (शैलीपत्रकातील) नियमांनी घडवून आणला जातो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. बाण दुव्यावर असण्याच्या अवस्थेला होव्हर असे म्हणतात.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत संकेतस्थळांच्या रचनेत मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. दुव्याचे नाव पानाच्या मजकुरात शब्दरूपाने ठेवावे आणि चित्र केवळ सजावट म्हणून शैलीपत्रकातून पुरवावे, हे तिच्यामागील मुख्य तत्त्व आहे. या तत्त्वाचे पालन झाले, तर पट्टी पाहणाऱ्यास चित्र दिसते आणि न पाहू शकणाऱ्यास शब्द मिळतो. ते पाळले गेले नाही, तर दिसायला सुबक असलेली पट्टी अनेक वाचकांसाठी बंद दार ठरते.

संज्ञा

मजकुराची रचना सांगणारी एचटीएमएल आणि त्या मजकुराचे दृश्य रूप ठरवणारी सीएसएस अशा दोन भाषांमध्ये संकेतस्थळाच्या पानाचे काम विभागलेले असते. कॅस्केडिंग स्टाइल शीट्स या नावाचे सीएसएस हे संक्षिप्त रूप आहे. सीएसएसमधील प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात. नियम कोणत्या घटकाला लागू करावयाचा हे पहिला भाग सांगतो व त्याला सिलेक्टर म्हणतात. त्या घटकाचा रंग, आकार, पार्श्वभूमी इत्यादी गुणधर्म दुसऱ्या भागात दिलेले असतात.

घटकाची तात्पुरती अवस्था दर्शवणाऱ्या सिलेक्टरला स्यूडो-क्लास (छद्मवर्ग) ही संज्ञा आहे. 'होव्हर' हा असाच एक छद्मवर्ग आहे. बाण घटकावर असेपर्यंतच त्याचे नियम लागू राहतात आणि बाण दूर होताच घटक पूर्ववत होतो. या लेखात गुणधर्मांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

इतिहास

होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत काम करीत असताना सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत न पाहिलेला दुवा, पाहिलेला दुवा आणि दाबला जात असलेला दुवा या तीन अवस्थांची सोय होती, परंतु होव्हरची नव्हती. होव्हर व फोकस हे छद्मवर्ग मे १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत समाविष्ट झाले.

तत्पूर्वी बाण नेल्यावर चित्र बदलण्याचे काम जावास्क्रिप्टकडून करून घेतले जाई. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या १९९६ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून पानावरील चित्राच्या जागी दुसरे चित्र आणणे शक्य झाले आणि अशा बदलत्या बटणांची लाट आली. या पद्धतीत प्रत्येक बटणासाठी किमान दोन चित्रे लागत. बाण येण्यापूर्वीच दुसरे चित्र उतरवून ठेवले नाही, तर बटण क्षणभर रिकामे दिसे. वाचकाने ब्राउझरमध्ये (न्याहाळकात) जावास्क्रिप्ट बंद ठेवली असल्यास चित्र बदलतच नसे.

पुढे २००२ ते २००४ या काळात या प्रश्नांची उत्तरे शैलीपत्रकात शोधण्याचा प्रयत्न अनेक रचनाकारांनी केला. संकेतस्थळ-रचनेला वाहिलेल्या 'अ लिस्ट अपार्ट' या इंग्रजी नियतकालिकाचा त्यात मोठा वाटा होता. डग्लस बोमन यांनी ऑक्टोबर २००३ मध्ये शब्दाच्या लांबीनुसार रुंदावणाऱ्या चित्ररूप बटणांची पद्धत याच नियतकालिकात मांडली. त्याच वर्षी पॅट्रिक ग्रिफिथ्स व डॅन वेब यांनी साध्या यादीपासून खाली उघडणारा उपमेनू तयार करण्याची रीत सांगितली. ती 'सकरफिश' या नावाने ओळखली जाते. बटणाच्या सर्व अवस्था एकाच चित्रात ठेवून ते चित्र सरकवण्याची युक्ती पेत्र स्तानिचेक यांनी २००३ मध्ये दाखवली होती. संपूर्ण मेनूसाठी एकच चित्र वापरण्याची तिची विस्तारित पद्धत डेव्ह शे यांनी मार्च २००४ मध्ये 'अ लिस्ट अपार्ट'मध्ये विशद केली. तिला त्यांनी 'सीएसएस स्प्राइट' असे नाव दिले. स्प्राइट ही संज्ञा संगणकीय खेळांच्या चित्रणातून आलेली आहे.

एकत्रित चित्राचे तत्त्व

पानावरील प्रत्येक चित्रासाठी ब्राउझरला सर्व्हरकडे स्वतंत्र मागणी नोंदवावी लागते. १९९९ च्या एचटीटीपी १.१ या संकेतानुसार एका ब्राउझरने एका सर्व्हरशी एका वेळी दोनहून अधिक जोडण्या ठेवू नयेत, अशी शिफारस होती. त्यामुळे लहानलहान चित्रे पुष्कळ असली, की त्यांची रांग लागे. चित्र आकाराने कितीही लहान असले, तरी मागणी व उत्तर यांच्या फेरीचा वेळ वाचत नसे. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमद्वारे महाजालाशी जोडलेल्या वाचकाला हा विलंब चांगलाच जाणवे.

एकत्रित चित्रामुळे अनेक मागण्यांच्या जागी एकच मागणी पुरते. शिवाय होव्हरच्या वेळी दाखवावयाचे चित्र पहिल्या चित्राबरोबरच आलेले असल्यामुळे बटण रिकामे दिसण्याचा दोषही उरत नाही.

या पद्धतीची कल्पना खिडकीच्या चौकटीमागे धरलेल्या लांबरुंद चित्रावरून येऊ शकते. चौकट जागेवर स्थिर असते. चित्र मागे सरकवले, की चौकटीतून त्याचा निराळा भाग दिसतो. येथे चौकट म्हणजे दुव्याचा ठरावीक रुंदी-उंचीचा आयत होय. चित्र सरकवण्याचे काम 'बॅकग्राउंड-पोझिशन' हा गुणधर्म करतो. चित्राचा उजवीकडील भाग चौकटीत आणण्यासाठी चित्र डावीकडे सरकवावे लागते आणि खालचा भाग आणण्यासाठी ते वर न्यावे लागते. सीएसएसमध्ये डावीकडची व वरची दिशा ऋण मानली जात असल्यामुळे या गुणधर्माच्या किमती बहुधा ऋण संख्यांत येतात. नवशिक्या विद्यार्थ्याचा गोंधळ प्रामुख्याने येथेच होतो.

रचना

उदाहरणादाखल एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळासाठी मुखपृष्ठ, ग्रंथसूची, सभासदत्व आणि संपर्क अशा चार दुव्यांचा आडवा मेनू करावयाचा आहे असे मानू. प्रत्येक बटण १२० पिक्सेल रुंद व ४० पिक्सेल उंच आहे. बटणाच्या तीन अवस्था आहेत: नेहमीची, होव्हरची आणि वाचक सध्या ज्या पानावर आहे ते दर्शवणारी. स्वतंत्र चित्रे वापरल्यास एकूण १२ फाइली होतात. एकत्रित चित्रात चारही बटणे आडव्या ओळीत आणि तीन अवस्था एकाखाली एक मांडल्या, तर ४८० पिक्सेल रुंद व १२० पिक्सेल उंच अशी एकच फाइल पुरते.

रचनेचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. एचटीएमएलमध्ये 'नॅव्ह' या घटकात क्रमरहित यादी करून तिच्या प्रत्येक कलमात एक दुवा ठेवतात. दुव्याचे नाव तेथे अक्षरांत लिहितात. मेनू ही मुळात दुव्यांची यादीच असल्यामुळे शैलीपत्रक उपलब्ध नसतानाही ती वाचता येते.

२. यादीच्या कलमांपुढील ठिपके आणि मूळची मोकळी जागा शैलीपत्रकाद्वारे काढून टाकतात. कलमे एका ओळीत आणण्यासाठी पूर्वी 'फ्लोट' हा गुणधर्म वापरीत. आता त्याऐवजी 'फ्लेक्स' मांडणी वापरतात.

३. दुवा हा मुळात ओळीतील शब्दासारखा घटक असल्यामुळे त्याला रुंदी-उंची लागू होत नाही. म्हणून 'डिस्प्ले' या गुणधर्माला 'ब्लॉक' ही किंमत देऊन त्याचा आयत करतात आणि त्याची रुंदी १२० व उंची ४० पिक्सेल ठरवतात.

४. सर्व दुव्यांना तेच एक चित्र पार्श्वभूमी म्हणून देतात. त्यानंतर प्रत्येक दुव्याच्या प्रत्येक अवस्थेसाठी चित्राचे स्थान सांगतात.

या उदाहरणातील स्थाने खालील तक्त्यात पिक्सेलमध्ये दिली आहेत. प्रत्येक जोडीतील पहिली संख्या आडव्या दिशेची आणि दुसरी उभ्या दिशेची आहे.

| दुवा | नेहमीची अवस्था | होव्हर | चालू पान |
|---|---|---|---|
| मुखपृष्ठ | ०, ० | ०, −४० | ०, −८० |
| ग्रंथसूची | −१२०, ० | −१२०, −४० | −१२०, −८० |
| सभासदत्व | −२४०, ० | −२४०, −४० | −२४०, −८० |
| संपर्क | −३६०, ० | −३६०, −४० | −३६०, −८० |

दुव्यागणिक आडवी संख्या १२० ने बदलते, तर अवस्थेगणिक उभी संख्या ४० ने बदलते. हे सूत्र ध्यानात घेतले, की पाचवा दुवा वाढवणे अवघड जात नाही. चित्राची रुंदी ६०० पिक्सेल करावी लागते आणि नव्या दुव्याची आडवी संख्या −४८० येते.

चालू पान कोणते, हे शैलीपत्रकाला आपोआप कळत नाही. त्यासाठी त्या दुव्यावर एचटीएमएलमध्ये खूण करावी लागते. पूर्वी यासाठी एखाद्या वर्गाचे नाव देत. आता 'एरिया-करंट' या गुणविशेषाला 'पेज' ही किंमत देणे अधिक श्रेयस्कर मानले जाते, कारण त्यावरून शैलीपत्रकालाही नियम लावता येतो आणि पडदावाचक आज्ञावलीलाही 'हे चालू पान आहे' असे सांगता येते.

नियमांचा क्रम

दुव्याच्या निरनिराळ्या अवस्थांचे नियम सारख्याच वजनाचे असतात. एकाच वेळी दोन नियम लागू झाले, तर नंतर लिहिलेला नियम प्रभावी ठरतो. पाहिलेल्या दुव्यावर बाण नेला असता तो दुवा 'व्हिजिटेड' आणि 'होव्हर' अशा दोन्ही अवस्थांत असतो. अशा वेळी 'व्हिजिटेड'चा नियम खाली लिहिलेला असेल, तर होव्हरचा बदल दिसतच नाही. म्हणून लिंक, व्हिजिटेड, होव्हर, फोकस व ॲक्टिव्ह असा क्रम ठेवण्याचा प्रघात आहे.

मजकूर लपवण्याच्या पद्धती

चित्रातच दुव्याचे नाव रेखलेले असेल, तर एचटीएमएलमधील नाव आणि चित्रातील नाव एकावर एक दिसू लागतात. त्यामुळे मूळ शब्द दृष्टीआड करावा लागतो. शब्द डोळ्यांपासून लपला, तरी पडदावाचकापासून लपता कामा नये, हा येथील कळीचा मुद्दा आहे. पडदावाचक म्हणजे पडद्यावरील मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये पोहोचवणारी आज्ञावली होय. अंध व्यक्ती तिच्या साहाय्याने संगणक वापरतात.

टॉड फार्नर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या पद्धतीत शब्द 'डिस्प्ले' गुणधर्माच्या 'नन' या किमतीने लपवला जाई. अशा रीतीने लपवलेला मजकूर अनेक पडदावाचक वाचीत नाहीत, ही त्रुटी जो क्लार्क यांनी २००३ मध्ये चाचण्यांच्या आधारे दाखवून दिली. पुढे 'टेक्स्ट-इंडेंट' या गुणधर्माला −९९९९ पिक्सेल इतकी मोठी ऋण किंमत देऊन शब्द पडद्याबाहेर ढकलण्याची पद्धत रूढ झाली. अशा वेळी शब्द दिसत नसला तरी पानात असतो आणि पडदावाचक तो वाचतो. त्यानंतर १०० टक्के इंडेंट देऊन, ओळ मोडू न देता, चौकटीबाहेरचा भाग कापण्याची पद्धतही वापरात आली.

या दोन्ही पद्धतींत एक उणीव राहते. काही कारणाने चित्र उतरले नाही, पण शैलीपत्रक मात्र पोहोचले, तर वाचकासमोर ना चित्र येते ना शब्द. पान छापतानाही हीच अडचण उद्भवते, कारण ब्राउझर सहसा पार्श्वभूमीची चित्रे छापत नाहीत. छपाईसाठी स्वतंत्र नियम लिहून शब्द पुन्हा जागेवर आणणे हा त्यावरील उपाय आहे.

लपवालपवीची ही गरजच टाळण्याचा मार्ग म्हणजे चित्रात अक्षरे न रेखणे. बटणाची पोत, कडा किंवा चिन्ह तेवढे चित्रात ठेवून नाव खऱ्या अक्षरांत वर येऊ दिले, तर वरील अडचणी बव्हंशी उरत नाहीत. अक्षरांखाली पार्श्वभूमीचा एक साधा रंगही नेमून ठेवावा, म्हणजे चित्र न आल्यास अक्षरे वाचनीय राहतात.

उपमेनू

मुख्य दुव्यावर बाण नेला असता त्याखाली आणखी दुव्यांची यादी उघडणारा मेनू याच तत्त्वाचा विस्तार आहे. यादीच्या कलमात दुसरी यादी ठेवून ती नेहमी लपवतात आणि कलमावर बाण आला असता प्रकट करतात. उपयादी ही त्या कलमाचाच भाग असल्यामुळे बाण उपयादीवर असतानाही कलमाची होव्हर अवस्था टिकून राहते.

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ या २००१ मधील ब्राउझरमध्ये होव्हर केवळ दुव्यांना लागू होत असे, यादीच्या कलमांना नव्हे. त्या काळात बहुसंख्य वाचक हाच ब्राउझर वापरीत असल्यामुळे उपमेनूसाठी जावास्क्रिप्टचा छोटासा टेकू द्यावा लागे. २००६ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत हा अडसर दूर झाला.

उपमेनूत बाणाचा मार्ग किंचित चुकला, तरी यादी तत्काळ मिटते. हात थरथरणाऱ्या किंवा माउसची सवय नसलेल्या वाचकाला त्यामुळे इष्ट दुव्यापर्यंत पोहोचणे जिकिरीचे होते. मुख्य दुवा व उपयादी यांच्यात फट न ठेवणे, दुव्यांना पुरेशी उंची देणे आणि 'ट्रान्झिशन-डिले' या गुणधर्माने यादी मिटण्यास अल्पसा विलंब लावणे हे त्यावरील उपाय होत.

सुगम्यता

होव्हर ही अवस्था मुळात माउस वापरणाऱ्याच्या वाट्याला येते. कळफलकावरील टॅब कळीने एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जाणाऱ्या वाचकासाठी 'फोकस' ही अवस्था असते. म्हणून होव्हरसाठी लिहिलेला प्रत्येक नियम फोकसलाही लागू करणे आवश्यक मानले जाते. दुव्याभोवती ब्राउझर स्वतःहून दाखवतो ती चौकट शोभेसाठी काढून टाकण्याची चाल अनेक संकेतस्थळांवर आढळते. तिच्याऐवजी दुसरी ठळक खूण दिली नाही, तर आपण पानावर कोठे आहोत हेच कळफलक वापरणाऱ्याला उमगत नाही. उपमेनूसाठी 'फोकस-विदिन' हा छद्मवर्ग उपयोगी पडतो. उपयादीतील एखाद्या दुव्यावर फोकस असेपर्यंत त्यामुळे यादी उघडी राहते. मात्र उपयादी 'डिस्प्ले : नन' करून लपवली असेल, तर टॅब कळ तिच्यातील दुव्यांवर थांबत नाही. फोकस वरच्या दुव्यावर येताच ती प्रकट व्हावी, अशी योजना करावी लागते.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वे या संदर्भात महत्त्वाची आहेत. सर्व कार्ये कळफलकाने करता यावीत आणि अक्षरांच्या जागी अक्षरांचे चित्र शक्यतो वापरू नये, असे ती सांगतात. २०१८ मधील २.१ या आवृत्तीत होव्हर किंवा फोकसमुळे प्रकट होणाऱ्या मजकुराविषयी स्वतंत्र निकष आला. असा मजकूर बाण न हलवता बंद करता यावा, त्यावर बाण नेता यावा आणि वाचकाने दूर करेपर्यंत तो टिकावा, असा या निकषाचा आशय आहे. पडदा मोठा करून त्याचा लहानसाच भाग पाहणाऱ्या अल्पदृष्टी वाचकांचा विचार त्यामागे आहे. अचानक उघडलेली यादी त्यांच्या दृष्टीसमोरचा मजकूर झाकून टाकते.

केवळ शैलीपत्रकावर विसंबण्याची मर्यादा येथेच स्पष्ट होते. एस्केप कळ दाबल्याची दखल सीएसएसला घेता येत नाही. यादी उघडी आहे की मिटलेली, हे पडदावाचकाला कळवणारी खूणही सीएसएस बदलू शकत नाही. त्यामुळे बटणाचे चित्र बदलणे हे काम शैलीपत्रकावर निर्धास्तपणे सोपवता येते, परंतु मजकुरावर उघडणारा उपमेनू पूर्णतः सुगम करण्यासाठी जावास्क्रिप्टची अल्प मदत घेणे, अथवा उघडझाप करणारा एचटीएमएलचा 'डिटेल्स' हा घटक वापरणे इष्ट ठरते.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. संकेतस्थळाचा मेनू हा त्यावरील सेवांचा प्रवेशमार्ग असल्यामुळे सार्वजनिक संस्थांच्या बाबतीत त्याची सुगम्यता ही केवळ सौंदर्याची वा सौजन्याची बाब राहत नाही. परीक्षेचा निकाल, अर्जाचा नमुना किंवा तक्रारीचा दुवा होव्हरशिवाय उघडत नसेल, तर माउस वापरू न शकणारा नागरिक त्या सेवेलाच मुकतो.

स्पर्शपटलावरील वर्तन

स्पर्शपटलाच्या उपकरणांवर बाण नसतो. बोट एकतर पडद्याला लागलेले असते किंवा नसते, त्यामुळे या दोहोंमधली होव्हरची अवस्था तेथे संभवत नाही. काही ब्राउझर पहिल्या स्पर्शाला होव्हर आणि दुसऱ्या स्पर्शाला दाबणे मानून वेळ निभावतात, पण सर्वत्र हे वर्तन सारखे नसते. परिणामी होव्हरवरच उघडणारी माहिती भ्रमणध्वनीवरील वाचकाला सापडेलच, याची शाश्वती राहत नाही.

वाचकाचे मुख्य साधन होव्हर करू शकते की नाही, हे विचारण्याची सोय सीएसएसच्या माध्यम-प्रश्नांमध्ये पुढे करण्यात आली. 'हॉव्हर'ची सोय असलेल्या उपकरणांपुरतेच होव्हरचे नियम मर्यादित ठेवून इतरांना सर्व दुवे उघडपणे दाखवता येतात. होव्हरमुळे शोभा वाढावी, पण कोणतीही आवश्यक गोष्ट तिच्यावर अवलंबून नसावी, असा संकेत यातून रूढ झाला.

देवनागरी मजकुराच्या संदर्भात

मराठी व इतर भारतीय भाषांच्या संकेतस्थळांवर चित्ररूप मेनूला एक वेगळे कारण होते. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी देवनागरी मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या स्वतंत्र संकेतावलीत लिहिला जाई. तो फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसल्यास अक्षरांच्या जागी अर्थहीन चिन्हे उमटत. शीर्षके व मेनू यांची चित्रे केली, की ती सर्वत्र सारखी दिसत. परंतु चित्रातील देवनागरी शोधयंत्राला सापडत नाही, पडदावाचकाला वाचता येत नाही, नक्कल करून घेता येत नाही आणि मोठी केल्यास तिच्या कडा फाटतात.

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या संगणक प्रणालीत युनिकोड देवनागरीची सोय झाली. पुढे पानासोबतच फॉन्ट पाठवण्याची वेब-फॉन्ट ही सुविधा सर्व प्रमुख ब्राउझरांत आल्यावर देवनागरी शब्द चित्रात बसवण्याचे मूळ कारण संपुष्टात आले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त, बलू यांसारखे देवनागरी फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत.

खऱ्या देवनागरी अक्षरांत मेनू करताना पुढील बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

* वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर आणि उकार व ऋकार अक्षराच्या खाली जातात. रोमन अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या ठेंगण्या चौकटीत ते कापले जाण्याचा संभव असतो. म्हणून ओळीची उंची सैल ठेवावी.
* होव्हरच्या वेळी 'लेटर-स्पेसिंग' वाढवून अक्षरे पसरवण्याची रीत रोमन लिपीत चालते. देवनागरीत तिच्यामुळे शिरोरेषा तुटते.
* होव्हरच्या वेळी अक्षरे ठळक केल्यास शब्दाची रुंदी वाढून शेजारचे दुवे सरकतात. त्याऐवजी रंग, पार्श्वभूमी किंवा अधोरेखा बदलावी.
* पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करावी. त्यामुळे पडदावाचक मराठी उच्चार निवडू शकतो. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, तेथे मराठी वळणाचे पाकळीयुक्त ल व देठयुक्त श उमटतात.

मर्यादा

एकत्रित चित्राची देखभाल कष्टाची असते. एका दुव्याचे नाव बदलले, तरी संपूर्ण चित्र नव्याने करावे लागते आणि मापे हलल्यास सर्व स्थाने पुन्हा मोजावी लागतात. वाचकाने अक्षरांचा आकार वाढवल्यामुळे चौकट मोठी झाली, तर चित्रातील शेजारच्या बटणाचा भाग तिच्यात डोकावू लागतो. भागांमध्ये थोडी मोकळी जागा सोडून हा दोष काही अंशी टाळता येतो. दाट पिक्सेलांच्या पडद्यांवर जुनी चित्रे पुसट दिसतात. त्यासाठी चित्र दुप्पट मापाचे करून 'बॅकग्राउंड-साइज' या गुणधर्माने ते निम्म्या मापात बसवतात.

सद्यःस्थिती

गोलाकार कोपरे, छाया, रंगांच्या उतरत्या छटा आणि सावकाश होणारे बदल हे सर्व सीएसएसच्या नंतरच्या घटकांमुळे चित्रावाचून साधता येऊ लागले. चिन्हांसाठी एसव्हीजी हे कोणत्याही मापात स्पष्ट राहणारे रेखाचित्र-स्वरूप वापरले जाते. मे २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी २ या संकेतामुळे एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकत्र हाताळता येतात. त्यामुळे मागण्यांची संख्या घटवण्यासाठी चित्रे जोडण्याची निकडही बरीच कमी झाली.

असे असले, तरी संकेतस्थळ-रचनेच्या अभ्यासक्रमात ही पद्धत शिकणे उपयुक्त ठरते. घटकाची चौकट, पार्श्वभूमीचे स्थान, छद्मवर्ग आणि नियमांचा क्रम या सीएसएसच्या मूलभूत संकल्पना तीत एकत्र येतात. मजकूर व त्याचे दृश्य रूप वेगळे ठेवण्याचे जे तत्त्व या पद्धतीने प्रचारात आणले, ते चित्ररूप बटणे मागे पडल्यानंतरही कायम राहिले आहे.

हेही पाहा

* एचटीएमएल
* जावास्क्रिप्ट
* युनिकोड
* वेब सुगम्यता